शालिकच्या तोंडची मराठी

फुलाय धिकार विनोदी आहे, हे सगळ्या विद्यापीठात फक्त शालिक कास्देकरला ठाऊक होतं.

बाकीच्यांच्या लेखी ती एक अबोल मुलगी होती. मेळघाटातल्या कोरकू गावातून आलेली, वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, मान खाली घालून जेवणारी. नव्या धोरणाप्रमाणे तिची शाळा बारावीपर्यंत कोरकूतून झाली होती. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायला लागली की घोटाळा व्हायचा. कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंगाची मराठीसारखी भानगड नाही. ती 'मी गेला', 'भाजी संपला' म्हणायची, कोणीतरी फिसकन हसायचं आणि मग ती दिवसभर तोंड उघडायची नाही.

शालिकशी मात्र ती कोरकूत बोलायची. कुलगुरूंच्या भाषणापासून मेसच्या आचाऱ्याच्या चालण्यापर्यंत कशाचीही अशी काही नक्कल करायची, की शालिकला ताट सोडून बाहेर जावं लागे. टेबलावरचे बाकीचे विचारत, "काय म्हणाली रे ती?"

"काही नाही, घरचं बोलणं," असं म्हणून शालिक डोळे पुसत परत बसे.

शालिक शेजारच्याच गावचा. तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, इतिहासात पीएच.डी. करणारा. तापी-पूर्णा विद्यापीठात गोंड, कोरकू, पावरा मुलं होती, तशी लडाखी, मिझो, सुदानी, अफगाणही होती. त्यांच्यासाठी बहुसांस्कृतिक विद्यार्थी केंद्र होतं आणि केंद्रात कोरकू मुलांचं सगळं शालिक बघायचा. प्रवेश, वसतिगृह, आजारपण, तक्रारी. मुलं आपलं म्हणणं कोरकूत सांगत, शालिक ते मराठीत साहेबांना सांगे. फुलायला तिच्या आईने त्याच्याच हवाली केलं होतं. एसटी सुटताना ती एवढंच म्हणाली होती, "हिचं तोंड तूच."

ते त्याने मनावर घेतलं होतं.

*

पट्टी आली ती हिवाळी सुट्टीनंतर.

संगणकशास्त्राचे काझी सर ती एका चपट्या डबीतून घेऊन आले. तिचं अधिकृत नाव 'अनुकंठ' होतं, पण पहिल्या दिवसापासून सगळे तिला पट्टीच म्हणू लागले, कारण ती दिसायलाच जखमेवरच्या चिकटपट्टीसारखी होती. ती गळ्याला लावायची.

"आपण बोलतो तेव्हा स्वरयंत्राचे, जिभेच्या मुळाचे, जबड्याचे स्नायू हलतात," काझी सरांनी केंद्रात जमलेल्या मुलांना सांगितलं. "त्यांना हलवणारे विजेचे बारीक स्पंद कातडीवरही पकडता येतात. पट्टी ते पकडते आणि आवाजही ऐकते. शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत तिला तो कळलेला असतो. समोरच्याच्या इयरबडमध्ये तो मराठीत ऐकू येतो. तोही यंत्राच्या नाही, बोलणाऱ्याच्याच आवाजात."

"आणि बोलणाऱ्याला?" केंद्राच्या प्रमुख वृंदाताई खांदेवाले यांनी विचारलं.

"त्याला आपलं भाषांतर ऐकवायचं नाही. आपलाच आवाज मागून दुसऱ्या भाषेत आला की माणसाची जीभ अडखळते. आम्ही करून पाहिलं आहे."

मिझो, अफगाणांची दारी, अरबी या भाषांसाठी पट्टी आधीच तयार होती. अडचण कोरकूची होती. मोठ्या भाषांमध्ये लिहिलेला मजकूर डोंगराएवढा असतो. तो वाचून यंत्र शिकतं. कोरकूत लिहिलेलं फार थोडं. मग काझी सरांना केंद्रातली ध्वनिमुद्रणं सापडली. वर्षानुवर्षांच्या बैठका, सुनावण्या, मुलांच्या गप्पा. एक जण कोरकूत बोलतोय आणि लगेच शालिक तेच मराठीत सांगतोय. शिवाय शालिकने स्वतः सहा महिने प्रयोगशाळेत बसून घरातलं, बाजारातलं, शेतातलं बोलणं दोन्ही भाषांत म्हटलं होतं. यंत्राने ते सगळं पचवलं. कोरकूतला कोणता आवाज आला की शालिक मराठीत काय म्हणतो, समोर कोण बसलेलं असताना कसं म्हणतो, हे ते शिकलं.

"तेव्हा ही कोरकू पट्टी म्हणजे खरं तर शालिकच आहे," काझी सर म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शालिकला बरं वाटलं.

मग पट्टी फुलायच्या गळ्याला लावली. सगळ्यांनी इयरबड घातले होते. तिने काझी सरांकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं आणि कोरकूत म्हणाली, "सर, ही खोकल्यावर पण चालते का? नाही, आमच्या वॉर्डनबाई खोकतात तेव्हा नक्की काय म्हणतात, ते मला दोन वर्षांपासून समजून घ्यायचंय."

खोलीत हास्याचा लोट उठला. मिझोरामची रिनपुई तर खुर्चीवरून घसरली. फुलाय दचकली. आपल्या बोलण्यावर माणसं हसतात आणि ते हसणं चांगलंही असू शकतं, हे तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती सुटलीच. आचारी, कुलगुरू, मेसची डाळ, सगळं आलं.

शालिकने हे सगळं आधी ऐकलेलं होतं. तरी तो हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आता कोणी त्याच्याकडे वळून 'काय म्हणाली रे ती' असं विचारत नाहीये.

*

पुढच्या काही आठवड्यांत फुलायची खोली गजबजली. सुदानी मुलांच्या स्नेहभोजनाला तिला बोलावणं आलं. लडाखी मुलांनी तिला आपल्या नाटकात घेतलं. रिनपुई आणि ती तर एका ताटात जेवू लागल्या. बाजारात जाताना ती शालिकला हाक मारायची ती बंद झाली. दवाखान्यात एकटी जाऊन आली. शालिकला ते दुसऱ्या दिवशी रिनपुईकडून कळलं.

"तुला सांगितलं नाही तिने?" रिनपुईने विचारलं.

"विसरली असेल," शालिक म्हणाला. दिवसभर त्याचं कशात लक्ष लागलं नाही.

त्याने मेसची वेळ बदलली. लवकर जाऊन, भराभर जेवून तो निघून येई. एकदा येताना ती समोरून आली, सोबत पाच-सहा जण. ती काहीतरी सांगत होती आणि त्याच्या कानातल्या इयरबडमध्ये तिच्या आवाजात मराठी आली, "मग काय, त्याची चांगलीच जिरली!" 'चांगलीच जिरली' हे बोलणं शालिकचं. त्याने मराठीत शिकलेलं, त्याने वापरून वापरून गुळगुळीत केलेलं. ते तिच्या तोंडी इतकं छान बसलं होतं, की जणू तिचंच. त्याने इयरबड काढून खिशात टाकला.

तिच्या आईचा फोन आला. "फुलायकडे बघतोस ना रे?"

"तिला आता माझी गरज नाही मावशी. यंत्र आहे तिच्याकडे."

"असं कसं? ती तर म्हणते, दादा जेवायला येत नाही, त्याला काय झालं विचार."

शालिकने काम आहे म्हणून फोन ठेवला.

वृंदाताईंच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. "काय रे शालिक, काहून तोंड पाडून फिरतो? लेकरू बोलायला लागलं तर आनंद व्हायला पाहिजे नं!"

"आनंदच आहे ताई."

"मग चेहऱ्याला सांग की तसं."

*

त्यातच फुलायचं सत्र रद्द झालं.

तिचे वडील आदल्या वर्षी पावसाळ्यात वारले होते. कोरकूंमध्ये माणूस गेला की सगळं तिथेच संपत नाही. पुढे कधीतरी, पीक हाती आलं आणि सगळे नातेवाईक जमू शकले, की सिडोली होते. सागवानी लाकडाच्या फळीवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरतात, त्याला मुंडा म्हणतात. तो मेलेल्याच्या नावाने रोवला, की मग तो माणूस आपल्या पितरांत जाऊन बसतो. तोवर तो अधांतरीच. फुलाय थोरली मुलगी. ती गेल्याशिवाय मुंडा रोवला जाणार नव्हता. ती हिवाळ्यात गेली आणि सगळं उरकून आली. वर्गाच्या दारावरच्या कॅमेऱ्यांनी तिची गैरहजेरी मांडली होती. नियम असा होता, की आई-वडील वारल्यास महिन्याच्या आतच रजा मिळते. कार्यालयाचं उत्तर आलं: वडील गतवर्षी निवर्तले असल्याने कारण ग्राह्य नाही. सत्र रद्द, त्यामुळे वसतिगृहातली जागाही रद्द.

असं झालेली ती एकटी नव्हती. सुदानी मुलगा चाळिसाव्या दिवसाच्या विधीला गेला होता, त्याचंही सत्र गेलं होतं. केंद्रात बैठक झाली. प्रत्येक समाजाचा शोक कसा आणि कधी, हे त्या समाजाने सांगावं आणि विद्यापीठाने त्याप्रमाणे रजा द्यावी, अशी मागणी ठरली. आता विद्यार्थी व्यवहार समितीपुढे बोलायचं कोणी?

आजवर अशा वेळी सगळे शालिककडे बघत. तो खुर्चीत सावरून बसलाही.

"फुलायने," रिनपुई म्हणाली. "तिचंच आहे आणि ती बोलते पण किती छान!"

हात वर झाले. शालिकनेही वर केला. सगळ्यांत शेवटी.

*

समितीआधी अधिष्ठाता डॉ. देशकरांना त्यांच्या दालनात भेटायचं होतं. ते समितीचे अध्यक्ष. फुलाय, वृंदाताई आणि शालिक गेले. शालिकला वृंदाताईंनी ओढूनच नेलं होतं. देशकरांनी इयरबड घातला, शालिकनेही.

फुलाय सुरुवातीपासूनच तापलेली होती. ती कोरकूत म्हणाली, "माझा बाप दीड वर्ष दाराबाहेर उभा होता. मी त्याला आत घेऊन आले. तुम्ही म्हणता, उशीर झाला. तुमच्या कॅमेऱ्याला विचारून माणसं मरायची का आमच्यात?"

शालिकच्या उजव्या कानात ते कोरकूत शिरलं आणि डाव्या कानातल्या इयरबडमध्ये तिच्याच आवाजात मराठी उमटली: "साहेब, वडिलांच्या विधीला थोडा विलंब झाला, याची आम्हाला जाणीव आहे. आमची नम्र विनंती आहे, की आपण सहानुभूतीने विचार करावा."

शालिकने इयरबड बोटाने आत दाबला.

हे त्याचं होतं. 'जाणीव आहे', 'नम्र विनंती', 'सहानुभूतीने विचार'. साहेबांच्या दालनात कोरकू पोरं चिडून बोलत, तेव्हा तो नेहमी हेच म्हणत आला होता. तो पहिल्या वर्षाला असताना एक मुलगा इथेच, याच टेबलापुढे ओरडला होता आणि त्याला काढून टाकलं होतं. तेव्हापासून शालिकने ठरवलं होतं, की राग दाराबाहेर ठेवायचा. त्याने कामं झाली होती. खोल्या मिळाल्या होत्या, शिष्यवृत्त्या सुटल्या होत्या. यंत्राने हे सगळं इमानाने शिकून घेतलं होतं. मित्रांत बसलेली फुलाय जशीच्या तशी पोचत होती, कारण गप्पांचं भाषांतर त्याने तसंच केलं होतं. टेबलापलीकडे साहेब बसला, की पट्टी शालिक होत होती.

देशकर हसले. "किती गोड बोलते मुलगी! बघू, बघू. समितीत येऊ दे."

बाहेर आल्यावर फुलाय गोंधळली होती. "दादा, मी एवढं बोलले आणि तो हसला?"

शालिकच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. वृंदाताईंना कोरकू येत नव्हती. काझी सरांना येत नव्हती. देशकरांना तर नाहीच. दोन्ही बाजू ऐकू शकणारा या सबंध इमारतीत तो एकटाच होता. आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला आतून हलकं वाटत होतं. बोलते ना छान? बोलू दे की.

"मोठी माणसं असतात तशी," तो म्हणाला.

चार दिवसांनी काझी सर त्याला ग्रंथालयात भेटले. "शालिक, कोरकूचा अर्थ तपासायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही. फुलाय समितीपुढे बोलणार आहे. भाषांतर नीट होतंय ना? काही वेडंवाकडं?"

शालिकने हातातलं पुस्तक मिटलं. "ठीक आहे सर."

"नक्की?"

"मराठी अगदी शुद्ध येतेय."

ते खोटंही नव्हतं.

केंद्रात हळूहळू कुजबूज सुरू झाली. देशकर सरांना मुलगी आवडली, पण तिच्या बोलण्यात जोर नाही म्हणतात. सोबत शालिक असलेला बरा. त्याला वाटेल तिथे सांभाळून घेता येईल. वृंदाताई म्हणाल्या, "तू पण बस तिच्या बाजूला." शालिकने थोडे आढेवेढे घेतले आणि हो म्हणाला. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी मेसमध्ये फुलायच्या टेबलावर जेवला. तिने आपल्या ताटातली पोळी त्याला वाढली.

*

समितीची सुनावणी सकाळी होती. लांबट टेबल, सात सभासद, भिंतीशी केंद्रातली मुलं. इतिवृत्त यंत्रच लिहीत होतं. कोण काय बोललं ते समोरच्या पडद्यावर उमटत होतं आणि सभा संपताच ते मोहोरबंद होणार होतं. पडदा फुलायच्या पाठीमागे होता.

ती उभी राहिली. मुंडा कसा कोरतात, ते तिने सांगितलं. कोरणाऱ्याने बापाचा चेहरा कसा आठवून आठवून विचारला, तो मुंडा रोवला तेव्हा आई कशी पहिल्यांदा पोटभर जेवली, ते सांगितलं. मग तिचा आवाज चढला. "तुमच्याकडे तेरा दिवसांत दुःख संपतं, तर चांगलंय. आमचं तुमच्या घड्याळावर चालत नाही. मी मागायला आलेली नाही. तुमचा नियम चुकलाय, हे सांगायला आलेय."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'आमच्या परंपरा थोड्या वेगळ्या आहेत. नियमाबद्दल आम्हाला आदरच आहे. शक्य असल्यास सवलत मिळावी.'

भिंतीशी बसलेल्या रिनपुईने पडद्याकडे पाहिलं, मग फुलायच्या आवळलेल्या मुठींकडे, मग पुन्हा पडद्याकडे. शालिकने मान खाली घातली.

डॉ. देशकर घसा खाकरून म्हणाले, "मुलीची भाषा सभ्य आहे, समितीला तिच्याबद्दल सहानुभूती आहे. मी मार्ग सुचवतो. विनापरवानगी गेल्याबद्दल तिने इथे दिलगिरी व्यक्त करावी. विशेष बाब म्हणून आपण तिचं एकटीचं सत्र परत देऊ. नियमाला हात लावायला नको."

फुलायला मराठी कळत होती. ती ताठ झाली. कोरकूत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "बापाला पोचवायला गेले म्हणून मी माफी मागणार नाही. मागायचीच असेल, तर तुम्ही मागा."

पडद्यावर उमटलं: 'क्षमस्व. आपण मोठ्या मनाने समजून घ्यावं.'

"झालं तर मग," देशकर म्हणाले. "तिने माफी मागितली आहे. विषय संपला. पुढचा विषय—"

"कोणी माफी मागितली?" फुलाय किंचाळली. ते कोरकूतच होतं. पडद्यावर आलं: 'माफीबद्दल आभार.'

तिने वळून पहिल्यांदा पडदा पाहिला. मराठी ती वाचू शकत होती. ती वाचत राहिली. वरपर्यंत, सगळं. आणि मग तिने शालिककडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. तिला अजून काही उमगलंच नव्हतं. तिला फक्त मदत हवी होती. गावात ही बातमी जाणार होती, की धिकारांच्या थोरलीने बापाच्या सिडोलीबद्दल माफी मागितली.

शालिक उठला तेव्हा आपण काय बोलणार, हे त्याने ठरवलं नव्हतं.

"सर, तिने माफी मागितलेली नाही."

"पडद्यावर आहे."

"पडद्यावर चूक आहे. ती म्हणाली, बापाला पोचवायला गेले म्हणून मी माफी मागणार नाही. मागायची असेल तर तुम्ही मागा." हे शब्द आपल्या तोंडून मराठीत निघताहेत, याचं त्यालाच नवल वाटलं. "आणि त्याच्या आधी ती म्हणाली, तुमचा नियम चुकलाय. सवलत मागितलीच नाही तिने."

देशकरांचा चेहरा बदलला. "यंत्र तज्ज्ञांनी तपासलेलं आहे."

दाराजवळ बसलेले काझी सर उभे राहिले. "तपासणारा हाच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मी विचारलं होतं तुला, शालिक."

"हो सर. मी खोटं सांगितलं. यंत्राचा दोष नाही. ते माझ्याकडून शिकलं. मी इथे बसून मुलांचा राग नेहमी असाच गाळून सांगायचो."

"म्हणजे?" एक सभासद बाई पुढे झुकल्या. "इतकी वर्षं तुम्ही आमच्यापुढे जी भाषांतरं केलीत, ती सगळी..."

"सगळी नाही मॅडम. पण बरीच."

खोलीत गलका झाला. इतिवृत्त थांबवण्यात आलं. निर्णय पुढे ढकलला.

*

बाहेर पायऱ्यांवर फुलायने गळ्याची पट्टी सोलून काढली. कातडी लाल झाली होती. इतर मुलं थोड्या अंतरावर थांबली होती.

"तू माझं बोलणं मऊ करून सांगायचास, ते मला माहीत होतं," ती कोरकूत म्हणाली. "मला मराठी कळते, दादा."

शालिकने चमकून पाहिलं. "मग तू काही बोलली का नाहीस?"

"मला वाटायचं, साहेबांशी मराठीत असंच बोलतात. रागाचे शब्दच नसतील त्यांच्यात." तिने हातातली पट्टी उलटी केली. "पण पट्टीचं मला माहीत नव्हतं. तिचं बोलणं मला ऐकू येत नाही. ते तुला ऐकू येत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"देशकरांच्या दालनापासून."

"तेव्हा मी तुला विचारलं होतं."

ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती आणि मग रिनपुईला हाक मारून निघून गेली. जाताना ती रडत होती की काय, ते तिच्या पाठमोऱ्या आकृतीवरून त्याला कळलं नाही.

*

त्यानंतरचे महिने शालिकला जड गेले. केंद्रातलं त्याचं दुभाष्याचं काम गेलं. वृंदाताईंनी ते स्वतः सांगितलं. रागावल्या नाहीत, पण नेहमीसारख्या 'रे शालिक'ही म्हणाल्या नाहीत. जुन्या सुनावण्या पुन्हा ऐकायचं ठरलं. गावी गेलेल्या एका मुलाने फोन करून विचारलं, "शालिकभाऊ, माझ्या वेळी मी जे बोललो होतो, त्यातलं काय सांगितलं होतं तू साहेबांना?" शालिकला आठवत नव्हतं. तेच सर्वांत वाईट होतं.

दुसऱ्या सुनावणीला फुलाय पट्टीशिवाय गेली. तिच्यासाठी धारणीहून एक निवृत्त कोरकू शिक्षिका दुभाषी म्हणून आल्या होत्या. शालिक बाहेरच्या झाडाखाली उभा राहिला. आतून मधूनमधून तिचा चढलेला आवाज येत होता आणि मागोमाग त्या बाईंचा, तितकाच चढलेला. मराठीत असं बोलता येतं, आणि बोललं तरी छत कोसळत नाही, हे तो ऐकत होता. आपण आत असायला हवं होतं, त्या बाईंच्या जागी, असं त्याला वाटलं.

उन्हाळी सुट्टीआधी नियम बदलला. शोकाचा काळ ज्याचा त्याचा समाज सांगेल, असं ठरलं. सुदानी मुलाला त्याचं सत्र परत मिळालं. फुलायचं मिळालं नाही; समितीत आवाज चढवल्याचं कोणीतरी मनात ठेवलेलं असावं. तिने पुन्हा फी भरून तेच विषय घेतले. वसतिगृहात ती रिनपुईच्या खोलीत राहू लागली.

मग एका दुपारी तिने शालिकला बोलावलं. निरोप काझी सरांकरवी आला, प्रयोगशाळेत ये म्हणून.

कोरकू पट्टी नव्याने शिकवायला घेतली होती. आता बोलणारा आणि मराठी करणारा, दोघांनीही मान्य केल्याशिवाय वाक्य आत जात नव्हतं. मराठी करायला धारणीच्या बाई होत्या, आणखी दोन मुलं होती आणि फुलायही होती. तिने इतक्या महिन्यांत हट्टाने मराठी बोलायला सुरुवात केली होती. चुकायची, कोणी हसलं तर त्याच्याकडे टक लावून बघायची, की तो गप्प.

"सर म्हणतात, निरनिराळ्या माणसांचे गळे पाहिजेत," ती शालिकला म्हणाली. खुर्चीकडे बोट दाखवलं. "तू बोल. मराठी मी करते."

त्याने कधीच पट्टी लावली नव्हती. त्याला गरजच पडली नव्हती. तिने ती त्याच्या गळ्याला लावली, अंगठ्याने दाबून बसवली. स्पर्श कोरडा होता, कामापुरता.

"काय बोलू?"

"काहीही. खरं वाक्य पाहिजे, एवढंच."

शालिक पाणी प्यायला. त्याला पाऊसपाण्याबद्दल बोलता आलं असतं, शेताबद्दल, बाजाराबद्दल. ती वाक्यं त्याने याच खोलीत शेकड्यांनी म्हटली होती. समोर फुलाय टेबलावर कोपर ठेवून, त्याच्या ओठांकडे बघत बसली होती. तो स्वतः साहेबांपुढे मुलांकडे असंच बघायचा.

तो कोरकूत म्हणाला, "तू बोलायला लागलीस आणि सगळे तुझ्याकडे वळले. मला ते सहन झालं नाही. तू पडावीस, असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं."

यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला. मराठीची वाट बघत.

फुलायने मान खाली घातली. काझी सरांनी चष्मा वर करून दोघांकडे पाहिलं. त्यांना अर्थातच काही कळलं नव्हतं. धारणीच्या बाईंना कळलं होतं. त्यांनी खिडकीबाहेर नजर वळवली. ते वाक्य बदलणं फार सोपं होतं. शब्द इकडचा तिकडे केला असता, तर ती एक साधी हळहळ झाली असती. शालिकला तर तसे चार पर्याय लगेच सुचले.

फुलायने ध्वनिग्राहक जवळ ओढला आणि सावकाश, शब्द चाचपत, मराठीत म्हणाली, "तू बोलायला लागलीस आणि सगळे तुझ्याकडे वळले. मला ते सहन झालं नाही. तू पडावीस, असं मला वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं."

"बरोबर आहे?" तिने त्याला विचारलं.

शालिकने मान हलवली.

"मान नाही. यंत्राला ऐकू आलं पाहिजे."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तिने कळ दाबली आणि वाक्य आत गेलं. मग तिने खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बोल, दादा," ती म्हणाली. "अजून पुष्कळ लागणार आहेत."